एका बाटलीतली वाढ

लॅबमध्ये तिला सगळे 'कंजूष मॅडम' म्हणत, आणि ते नाव तिला मनातून आवडायचं. तिचं काम जंतूंचं. वॉर्डांमधून रक्ताच्या बाटल्या, लघवीच्या डब्या, जखमा पुसलेले बोळे खाली तळमजल्यावर यायचे. त्यांतला जंतू ताटलीत घालून उबेला ठेवायचा, वाढला की तो कोण ते ओळखायचं, कुठल्या औषधाने मरतो ते बघायचं आणि वर फोन करायचा. माणूस तिला कधी दिसायचाच नाही. दिसायची ती ताटली, तिच्यावरचे ठिपके आणि सकाळी उबेची पेटी उघडल्यावर तोंडावर येणारा ओल्या पिठासारखा वास.

कंजूष हे नाव पडलं ते तिच्या फोनमुळे. रुग्ण अत्यवस्थ असला आणि जंतू कोण ते ठाऊक नसलं की वॉर्डातले डॉक्टर झाडून सगळ्या जंतूंवर चालणारं अँटिबायोटिक सुरू करत. त्याला ते ब्रॉड म्हणत, ही आपली मोठं औषध म्हणायची. त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं हे तिलाही मान्य होतं. पण रिपोर्ट गेला, जंतूचं नाव-गाव कळलं, तरी मोठं औषध चालूच. मग ही फोन करायची की आता ते थांबवा, हा जंतू साध्या औषधाने मरतोय. पलीकडून ठरलेलं उत्तर यायचं: आत्ताच कुठे पेशंट सावरतोय मॅडम, राहू द्या अजून थोडे दिवस. फोन ठेवून ती शेजारच्या टेबलाकडे बघून म्हणायची की या लोकांचा हात काही सुटत नाही. असंच सगळं वापरून टाकलं तर उद्या खरंच गरज पडेल तेव्हा जंतू ह्या औषधाला ओळखून बसलेले असतील, मग बसा हात चोळत.

सासूबाई आजारी पडल्या आणि तिला पहिल्यांदा वरचा मजला नीट दिसला.

सासूबाई बस कंडक्टर होत्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी आवाज तसाच होता, भरल्या गाडीच्या मागच्या सीटपर्यंत पोचेल असा. सूनबाई कामावर गेली की नातीला, पिल्लूला, त्याच सांभाळायच्या. पिल्लूही त्यांच्या तालमीत तयार झालेली. कुणी दारात उभं राहिलं की दोन्ही हातांनी ढकलत 'आत चला, आत चला' म्हणायची.

त्या दुपारी नवऱ्याचा फोन आला की आईला थंडी वाजतेय, दोन पांघरुणं घातली तरी दात वाजतायत. ती घरी पोचेपर्यंत संध्याकाळ झाली होती. सासूबाई पलंगावर बसल्या होत्या, गाल तापून लाल, आणि समोर कुणी नसताना हात हलवून सांगत होत्या की पुढे सरका, पुढे जागा आहे, दारात लोंबकळू नका. पिल्लूला वाटलं आजी खेळतेय, ती खिदळून पुढे सरकत होती. नवरा तिच्याकडे बघून ओशाळं हसला आणि ते हसू अर्ध्यावरच विरलं.

दवाखान्यात डॉक्टरने पोट-पाठ चाचपली, रक्तदाब बघितला आणि हातातलं बाकीचं काम सोडलं. दाढी वाढलेला, डोळ्यांखाली काळं आलेला हा तरुण फोनवर तिच्या ओळखीचा होता. राहू द्या अजून थोडे दिवस म्हणणारा तोच. त्याने सांगितलं की मूत्रपिंडात पू झालाय बहुतेक, आणि तिथून विष अंगभर पसरलंय. मूत्रपिंडं आत्ताच कुरकुर करतायत. तिने एवढंच बजावलं की औषधाआधी लघवी घ्या आणि दोन्ही हातांतून रक्त घ्या, प्रत्येक हाताच्या दोन बाटल्या. उजव्या हातातून रक्त चटकन आलं. डावा हात सासूबाई काही केल्या धरू देईनात. तिकीट दाखवल्याशिवाय अंगाला हात लावायचा नाही, असं त्या सिस्टरला दरडावत होत्या. पुसलेली जागा पुन्हा हाताळली गेली, सुई दुसऱ्यांदा टोचली, तेव्हा कुठे बाटल्या भरल्या.

मोठ्या औषधाची बाटली खांबाला लागायच्या आधीच तिने विचारलं, अजून सुरू कसं झालं नाही. विचारून झाल्यावर तिला आपलाच आवाज ऐकू आला. डॉक्टर सलाइनची नळी सोडवता सोडवता म्हणाला, "मॅडम, आज कंजुषी नाही का?" टोमणा होता, पण त्यात जिव्हाळाही होता. नळीतून थेंब पडू लागले आणि तिला उगाचच वाटलं की त्या बारीक नळीऐवजी चांगली जाडजूड नळी हवी होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती जिना चढून आली तेव्हा सासूबाई उशाला टेकून खिडकीबाहेर बघत होत्या. डोळे स्वच्छ. सुनेला बघून त्यांनी पहिला प्रश्न विचारला की पिल्लू जेवली का, आणि दुसरा, की काल मी काय काय बरळले ते खरं खरं सांग. तिने सांगितलं. सासूबाई हसता हसता खोकल्या. ही बाई काल संध्याकाळी पलीकडच्या काठावर उभी होती आणि आज चौकशा करतेय, हे बघत ती स्टुलावर बसली. आजवर मोठ्या औषधाबद्दल ती जे बोलली होती त्यात खोटं काही नव्हतं. पण त्यात ही दुपार कुठे नव्हती.

सासूबाईंना मात्र सगळंच नवं. हे बाटलीतलं काय आहे, कसं मारतं, जंतूला कळतं का आपण मरतोय ते. शेजारच्या खाटेवरच्या बाईंनीही कान टवकारले. तिने समजावलं की अंगात एक जंतू शिरलाय, तो कोण ते अजून कळलं नाही, म्हणून सगळ्यांना मारणारं औषध दिलंय. सगळ्यांना म्हणजे कुणाकुणाला, असं त्यांनी विचारलं. मग तिला सांगावं लागलं की आतड्यात, तोंडात, कातडीवर कायमची वस्ती करून असणारे असंख्य जंतू असतात, ते त्रास तर देत नाहीतच, उलट राखणच करतात. त्यांतलेही बरेच जातात.

सासूबाईंनी क्षणभर विचार केला. "म्हणजे एका खिसेकापूपायी अख्खी बस रिकामी केलीत की गं."

"तो कोण ते कळत नव्हतं ना, आई. आणि बस दरीत चालली होती."

"मग बरोबर केलंत." त्यांना ते पटलं, पण कुतूहल काही भागलं नाही. "रिकाम्या बसमध्ये मग चढतं कोण? मला विचारशील तर ज्यांना एरवी कुणी उभं करत नाही ते."

ती हसली. अभ्यासक्रमातला अख्खा धडा होता तो, पण आत्ता तिला तो ऐकायचा नव्हता.

लघवीतला जंतू लवकरच सापडला. आतड्यातला नेहमीचाच, वाट चुकून मूत्रपिंडात गेलेला. तिने त्याची ताटली उजेडाकडे धरली. औषधाच्या गोल चकत्यांभोवती जिथे जंतू वाढले नव्हते तिथे रुंद, स्वच्छ कडी पडली होती. एकूण एक औषधाने मरणारा बापडा जंतू. सगळ्यात जुन्या, सगळ्यात साध्या औषधाभोवतीचं कडं तर शेजारच्या कड्याला जाऊन भिडलं होतं. दुसऱ्या कुणाची ताटली असती तर तिने हातातली ताटली खाली ठेवायच्या आधी फोन उचलला असता.

या वेळी फोन वरून आला. डॉक्टरने स्वतःहून विचारलं की रिपोर्ट बघितला, मोठं बंद करून साधं देऊ का.

ती म्हणाली, "आत्ताच कुठे सावरतायत. राहू द्या ना अजून थोडे दिवस."

तो म्हणाला की ठीक आहे, तुम्ही म्हणाल तसं. घरच्या माणसाशी कोण वाद घालणार.

घरी नवऱ्याने विचारलं तेव्हा तिने सगळं छान चाललंय म्हणून सांगितलं. त्याला या विषयात काही गम्य नव्हतं. तू आहेस म्हणून मी निर्धास्त आहे, असं म्हणून तो पिल्लूचे कपडे घड्या करत बसला. तिला त्याच्या निर्धास्तपणाचा विलक्षण राग आला.

ताप गेला होता, पण सासूबाईंची तब्येत काही फुलेना. पोट बिघडलं. आधी थोडं, मग इतकं की पलंगावरून उठून जाऊन येईपर्यंत पुन्हा जावं लागायचं. डॉक्टरने मोठ्या औषधामुळेच असेल म्हणून तपासणी पाठवली, त्यात बरं-वाईट काही निघालं नाही, तरी ढाळ होतेच. सूप समोर आलं की त्या तोंड फिरवायच्या, म्हणायच्या की चवच लागत नाही, कापूस चघळल्यासारखं वाटतं. तिने जीभ दाखवा म्हटलं. जिभेवर आणि गालांच्या आतून पांढरे, दह्याच्या कवडीसारखे डाग होते. पिल्लू तान्ही असताना तिच्या तोंडात अगदी असेच आले होते, आणि दुधाचे असतील म्हणून ही पुसायला गेली तर निघेनात, तेव्हा सासूबाईंनीच तिला डॉक्टरकडे पिटाळलं होतं. बुरशी. एरवी तोंडातले बाकीचे जंतू तिला पाय पसरू देत नाहीत. आता अडवायला कुणी उरलं नव्हतं.

डॉक्टरने तोंडात लावायचं औषध दिलं आणि तिच्याकडे बघितलं. त्याच्या मनात काय आहे ते तिला कळलं. उद्या बदलू, असं ती स्वतःशीच म्हणाली.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लॅबमधलं रक्ताच्या बाटल्यांचं यंत्र वाजलं.

सासूबाईंच्या चार बाटल्यांपैकी एक. इतके दिवस गप्प असलेली, डाव्या हाताची. तिने थेंब काचेवर पसरला, रंगवला, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. जांभळ्या गोळ्यांचे झुबके. लघवीतल्या जंतूशी याचा काही संबंध नव्हता. हा कातडीवरचा रहिवासी. सुई टोचताना कातडी नीट पुसली गेली नाही की बाटलीत उतरतो, आणि रक्तात काहीच नसताना रक्त खराब असल्याचा आव आणतो. लॅबमध्ये अशाला 'पाहुणा' म्हणायची पद्धत होती. एकच बाटली, उशिरा वाजलेली, बाकीच्या तिन्ही निवांत: हा पाहुणाच. शिकाऊ मुलींना ती हे पहिल्याच आठवड्यात शिकवायची.

पण शंभरात एखादा खराही निघतो, हेही ती शिकवायची. आणि आज तिला तो एखादाच दिसत होता.

नियमाप्रमाणे तिने वर कळवलं. डॉक्टरने नेहमीचा प्रश्न विचारला, पाहुणा की घरचा. ती म्हणाली की सांगता येत नाही. तिचा आवाज इतका सरळ होता की त्याने आणखी काही विचारलं नाही. तो गंभीरपणे म्हणाला की मग मोठं औषध चालू ठेवावं लागेल, शिवाय या जंतूसाठी दुसरं कडक इंजेक्शन जोडावं लागेल. ते मूत्रपिंडांना जड जातं, आणि यांची आत्ताच कुठे पूर्वपदावर येतायत. पण रक्तातच जंतू आहे म्हटल्यावर इलाज नाही. दुपारी सुरू करतो.

तिने फोन ठेवला. खबरदारी घेतली, एवढंच, असं तिने मनाला सांगून पाहिलं. शेजारच्या टेबलावर शिकाऊ मुलगी तशाच एका बाटलीवर 'पाहुणा, दुर्लक्ष करावे' असं लिहीत होती. कुणाची होती कोण जाणे. ही बघत राहिली. त्या माणसालाही कुठेतरी एखादी सून असेल.

जेवायच्या सुट्टीत ती वर गेली. सासूबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या, पण पावलं ओळखून वळल्या. चेहरा चिपाडासारखा झाला होता, डोळे मात्र तसेच, प्रश्नांनी भरलेले. डॉक्टर म्हणाला रक्तात काहीतरी सापडलं, आणखी एक सुई लागणार, तर काय सापडलं ते मला नीट सांग, असं त्यांनी फर्मावलं. तो नुसता घाईत असतो, तू सांग.

तिने सांगायला सुरुवात केली. जांभळे गोळे, द्राक्षांच्या घोसासारखे.

"दिसतात का साध्या डोळ्यांना?"

नाही म्हणाली. ताटलीवर खूप वाढले की ठिपका दिसतो.

"आणि हे राहतात कुठे?"

"कातडीवर. तुमच्या, माझ्या, सगळ्यांच्याच."

"मग रक्तात कसे गेले?"

ती थांबली. कुठल्याही शिकाऊ मुलीने विचारावा तसा प्रश्न होता, उत्तरासाठी विचारलेला. सासूबाईंना काही सिद्ध करायचं नव्हतं, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. तिने सांगितलं की कधी कधी रक्तात जातात. आणि कधी कधी गेलेलेच नसतात, सुईबरोबर कातडीवरून नुसते बाटलीत उतरतात.

"ते वेगळं कसं ओळखता?"

"रक्तात खरंच असतील तर दोन्ही हातांच्या बाटल्यांत वाढतात. बहुतेक वेळा लवकर वाढतात. आणि माणसाला ताप असतो."

सासूबाईंनी आपल्या दोन्ही हातांकडे बघितलं. डाव्या हातावर कोपराशी टोचल्याचा हिरवट-निळा डाग अजून होता. मग त्या सुनेकडे बघत राहिल्या, पुढचं ऐकायला. पुढचं काय ते तिने अजून सांगितलं नव्हतं, आणि त्या वाट बघत होत्या.

"आई, एकाच बाटलीत वाढलाय," ती म्हणाली. "उशिरा. आणि तुम्हाला ताप नाही."

"मग तो सुईचाच म्हणायचा."

"हो."

"मग आणखी सुई कशाला?"

तिने उत्तर दिलं ते हळू, पण दिलं. "मी डॉक्टरला सांगितलं की सांगता येत नाही. मला भीती वाटली. औषध कमी केलं आणि तुम्हाला परत तसं झालं तर, म्हणून."

सासूबाईंना याचं नवल वाटलेलं दिसलं. रागावल्या नाहीत. हात लांब करून त्यांनी सुनेच्या ओढणीचं टोक धरलं. "मला तर वाटायचं तू त्या जंतूंना बघून बघून घाबरायचं विसरलीस." मग म्हणाल्या, "परत होईल का तसं?"

"होऊ नये. साध्या औषधाने तुमचा तो जंतू नक्की मरतो. मी बघितलंय. हे सगळं असंच चालू ठेवलं तर मात्र पोट, तोंड, मूत्रपिंड, काहीतरी हातचं जाईल."

"मग जा की. बसलीस काय?"

डॉक्टर औषधांच्या खोलीत उभ्याउभ्याच केळं खात होता. तिने सांगितलं की तो पाहुणा आहे, सकाळपासूनच माहीत होतं. त्याने केळं खाली ठेवलं. तिला वाटलं आता हा फैलावर घेणार, आणि घ्यायलाच हवं होतं. तो म्हणाला की खात्रीसाठी आज पुन्हा रक्त घेऊ, दोन्ही हातांतून, डाव्या हाताला मी स्वतः बसतो. ते वाढलं नाही की विषय संपला. कडक इंजेक्शन नको, आणि मोठं आत्ताच बंद. मग म्हणाला, "रोज मला फोन करून सांगता तुम्ही, औषध कमी करा म्हणून. मी खाटेपाशी उभा असतो तेव्हा. आता कळलं ना कसं वाटतं."

"कळलं," ती म्हणाली. "तरी उद्याही फोन करणार आहे."

"करा. पण कधी कधी वर येऊन सांगा."

सिस्टरने मोठ्या औषधाची बाटली उतरवली. खांब काही वेळ रिकामा राहिला आणि तिला तो बघवेना. मग साध्या औषधाचं छोटंसं इंजेक्शन आलं आणि बघता बघता देऊनही झालं. एवढंच, असं सासूबाईंनी जरा हिरमुसून विचारलं.

संध्याकाळी लॅबमधून सुटल्यावर ती पुन्हा वर गेली. अंगाला हात लावला तर किंचित कोमट वाटलं. तिने सिस्टरकडून थर्मामीटर मागून घेतला. पारा नेहमीपेक्षा रेघभर वर होता. उठून डॉक्टरकडे धावायचं तिच्या तळपायांपर्यंत आलं. पण वॉर्डात उकडत होतं, खिडकी बंद होती, आणि सासूबाई पांघरूण गळ्यापर्यंत ओढून शेजारच्या बाईंना आतड्यातल्या जंतूंची माहिती देत होत्या. तिने खिडकी उघडली, पांघरूण कमरेपर्यंत खाली घेतलं आणि थर्मामीटर मांडीवर धरून बसून राहिली. पुन्हा लावला तेव्हा रेघ उतरली होती. तरी ती बसून राहिली. नवरा पिल्लूला घेऊन खाली आवारात उभा होता. खिडकीतून तिने त्याला हात केला, सगळं ठीक आहे असा नव्हे, थांब जरा, असा.

ताप आला नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. नव्या बाटल्या यंत्रात गप्प बसून राहिल्या. पोट हळूहळू थाऱ्यावर आलं. मूत्रपिंडाचे आकडे बघून डॉक्टरने मान डोलावली. एका सकाळी सासूबाईंनी सुपाचा वाडगा रिकामा केला आणि मीठ कमी आहे अशी तक्रार केली, तेव्हा तिला डोळ्यांतलं पाणी लपवायला खाली वाकून चप्पल नीट करावी लागली.

जिभेवरचे डाग तेवढे जायला वेळ घेत होते. सासूबाईंनी आरसा मागवला, जीभ बाहेर काढून बराच वेळ निरखलं आणि हुकूम सोडला की हे जे काही माझ्या तोंडात मुक्कामाला आलंय ते ताटलीत वाढवून मला दाखव. तपासायची काही गरज नव्हती. तरी तिने बोळा फिरवला आणि खाली घेऊन गेली.

वाढलेली ताटली वॉर्डात नेता येत नाही, म्हणून तिने मोबाइलवर फोटो काढून नेला. लाल पृष्ठभागावर सायीच्या रंगाचे गोल, गुळगुळीत, फुगीर ठिपके, प्रत्येकाला जराशी झळाळी. सासूबाईंनी चष्मा लावला. मोबाइल जवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला.

"देखणे आहेत की गं," त्या म्हणाल्या, आणि फोटो शेजारच्या बाईंना दाखवायला वळल्या.